विद्यार्थी प्रवेशिका बंद नकोत

'ग्वाल्हेरच्या उन्हाळी संगीत महोत्सवात यंदा विद्यार्थी प्रवेशिका नाहीत' ही बातमी वाचली. निर्णय पटला नाही. मुले मध्येच उठून जातात, हे आयोजकांचे कारण. जातात, खरे आहे. मीही उठले आहे, कारण पहिला तास सत्कारात गेला आणि लष्कर भागाकडे जाणारा शेवटचा टेम्पो चुकला असता.

मी गायन शिकते. वर्गात यमन रागाचे आलाप पाठ होतात, पण विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशी गाठायची ते समोर बसूनच उमगते. गेल्या वर्षी भारतीय बैठकीवर तिसऱ्या ओळीत होते. गायिकेने नुसत्या भुवईने सुचवले आणि तबलजींनी ठेका न सोडता हातोडीच्या दोन ठोक्यांत तबला सुरात मिळवून घेतला. हे वहीत कुठून येणार?

इथला तानसेन समारोह हा संगीत महोत्सव विनामूल्य आहे, पण तो डिसेंबरात. सुट्टीत निवांत ऐकायचे ते इथेच. १९१८ साली महाराज माधवराव शिंदे आणि संगीतशास्त्री पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने ज्या गावात संगीत महाविद्यालय सुरू झाले, तिथे शिकणाऱ्यांनाच दार बंद? भाषणे दहा मिनिटांत आटोपावीत आणि बैठकीवरच्या दोन ओळी आम्हाला द्याव्यात.

– एक विद्यार्थिनी, लष्कर, ग्वाल्हेर