रॉजे कारेल आजोबा, थँक्यू हो!

कारेल आजोबा, फ्रेंच कार्टून-पिक्चरना आवाज देणारे तुम्ही 2020 च्या सप्टेंबरमध्ये गेलात, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, कळतंय मला. तरी लिहितेय, कारण काल एका सरकारी खिडकीवर मी न अडखळता फ्रेंच बोलले आणि तो सूर तुमचा होता.

नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रान्समध्ये लियोंला आलो तेव्हा चांगला महागडा क्लास लावलेला. तिथल्या बाई क्रियापदांची रूपं घोकून घ्यायच्या आणि तोंड उघडलं की चारचौघांत उच्चारावरून टोमणे, शेवटी मी गप्पच बसायला लागले. फी मात्र वेळेवर पाहिजे हां!

मग लेकीबरोबर कार्टून बघायला लागले आणि एका माणसाचं बोलणं चक्क समजायला लागलं, तुमचं. फ्रेंच कॉमिक्समधला तो छोटा वीर ॲस्टेरिक्स तुम्ही, विनी अस्वल तुम्ही, त्याचं ते घाबरट डुकराचं पिल्लू पण तुम्हीच, स्टार वॉर्समधला सोनेरी रोबो पण तुम्ही! नंतर कळलं की इथे डबिंगला पडद्याखाली संवादांची पट्टी सरकत असते, शब्द उभ्या रेषेपाशी आला की बरोब्बर तेव्हाच बोलायचं, पडद्यावरच्या नटाचा श्वास, उसासासुद्धा चुकवायचा नाही. एवढं करून चेहरा कोणाला माहीत नसतो. हॉलिवूडच्या ब्रूस विलिसला इथे वर्षानुवर्षं पात्रिक प्वाव्हे यांचा आवाज, तेही 2020 मध्येच गेले. आपल्याकडे डब पिक्चर म्हणजे दुपारचा टाइमपास, कोणाचा आवाज आहे कोण विचारतो.

पण माझं काम झालं ते 1976 च्या ॲस्टेरिक्सच्या पिक्चरमधल्या एका वाक्यावर. त्या वेड लावणाऱ्या ऑफिसात A38 नावाचा परवाना हवा असतो, ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर, वर जा खाली जा (लियोंत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको). मग ॲस्टेरिक्स A39 मागतो, जो अस्तित्वातच नाही, आणि सगळं ऑफिस वेडं होतं. तिथे तुम्ही आवाज चढवत नाही, चिडत नाही, अगदी साळसूदपणे, स्टेशनवर गाडी कधीची आहे विचारावं तसं विचारता. ते वाक्य मी भांडी घासताना तुमच्याबरोबर म्हणायचे, लेक हसून हसून लोळायची. काल खिडकीवरचा माणूस खेकसला तेव्हा तोच सूर लागला बघा, आणि तो चक्क खुर्चीवरून उठून माझी फाइल शोधायला गेला.

असली सभ्य माणसं आवाजातून कळतात, खरंच. 1967 पासून 2014 पर्यंत तोच ॲस्टेरिक्स, आणि कुठे कंटाळा ऐकू येत नाही.

2018 च्या पिक्चरला ॲस्टेरिक्सचा आवाज ख्रिस्तियां क्लाव्हिए यांचा आहे. चांगलं करतात ते. पण लेक म्हणते, आई, हा खरा नाहीये, आणि मी काही तिची समजूत घालत बसत नाही.