उतारावरील घराच्या कामात मंजूर आराखडा मोडल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, बांधकाम विभाग

महोदय,

आमच्या घराचे काम आपल्याला दिले त्याचे कारण एकच. बाकीचे सगळे ‘आधी जमीन सपाट करून घ्या’ म्हणत होते. उताराला धरून, खांबांवर, टप्प्याटप्प्याने उतरणारे घर बांधू, असे फक्त आपण म्हणालात. जागा संरक्षित क्षेत्रात आहे आणि परवानगीही त्याच आराखड्याला मिळाली आहे.

सोमवारी जागेवर गेले तर वरच्या अंगाला उतार कापून सपाटी केलेली, आणि निघालेली सगळी माती खाली लोटलेली. राखायच्या झाडांना आम्ही स्वतः लाल फिती बांधल्या होत्या. त्यांच्या बुंध्याशी कमरेएवढे ढीग आहेत; एका झाडाची फीत मातीतून जेमतेम डोकावत होती. सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, झाड तोडलं तर नाही ना!” झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. त्यांच्यावर एवढी भर पडली की हवा तुटते. असे झाड लगेच वाळत नाही, काही वर्षांनी वाळते. तोवर आपली माणसे इथून गेलेली असतील.

संरक्षक भिंतीची गोष्ट याहून गंभीर आहे. नकाशात पाणी निघायला नळ्या आणि मागे खडीचा थर दाखवला आहे. प्रत्यक्षात एकही नळी नाही, मागे तीच चिकण माती ठासली आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. पावसात भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याने जायचे कुठे? खाली ओढा आहे. गाळ अडवणाऱ्या कापडी कुंपणाची गुंडाळी अजून शेडमध्ये प्लास्टिकसकट पडून आहे.

परवानगी माझ्या नावावर आहे, त्यामुळे उत्तरही मलाच द्यावे लागेल. म्हणून काँक्रीटचे काम आजपासून थांबवावे. झाडांभोवतीची माती फावड्या-घमेल्याने काढावी, यंत्र पुन्हा तिथे घालू नये. कुंपण पाऊस येण्याआधी लागले पाहिजे. भिंत दुरुस्त होईल की पाडावी लागेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा पाहून लेखी द्यावे, तोंडी नको. खर्च आपला राहील. हे होईपर्यंत पुढचा हप्ता मी थांबवला आहे.

७ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोटो आणि मंजूर नकाशाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
घरमालक व ग्राहक