मोटरी फोडण्याआधी एकदा फिरवून तरी बघा

मा. संपादक,
सध्या जिकडे तिकडे ई-कचरा गोळा करायच्या मोहिमा चालू आहेत, चांगलंच आहे, नवीन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत आणि जुनं सामान रिसायकल करायची जबाबदारी आता कंपन्यांवर आली आहे. पण रिसायकल म्हणजे शेवटी काय, तर सगळं फोडायचं आणि तांबं, लोखंड, प्लॅस्टिक वेगळं करायचं. सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन टाकून देतात ते कशानं? टब चिरतो, टायमर जातो, बॉडी खालून गंजते. मोटर बऱ्याचदा ठणठणीत असते, आणि ती तांब्याच्या भावानं हातोड्याखाली जाते हे बघून खरंच जीव तुटतो.

ही वॉश मोटर मिनिटाला साधारण १४०० फेरे घेते, पंख्याला असतो तसल्या कपॅसिटरवर चालते, झिजणाऱ्या कार्बन ब्रशची कटकट नाही. तिच्यावर लाकूडकामाचा छोटा डिस्क सँडर, म्हणजे लाकूड घासायची फिरती चकती, झकास होतो. तीन वायरी बघून लोक अडतात, पण ते सोपं आहे. प्लग काढलेला असताना मल्टिमीटरनं दोन-दोन वायरींत रेझिस्टन्स बघायचा, ज्या जोडीत बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट येईल त्या दोघींच्या मधे कपॅसिटर, उरलेली ती कॉमन. सप्लायची एक वायर कॉमनला आणि दुसरी त्या दोघींपैकी एकीला, बाजू बदलली की मोटर उलटी फिरते. शाफ्टवर चकती बसवायला बुश लागतो, तो आमच्या उद्यमनगरात कुठलाही टर्नर करून देईल. बॉडीला अर्थिंग पाहिजेच पाहिजे, आणि मशीनमधे ही थांबत थांबत चालायची म्हणून सलग दामटली तर तापते, मधे मधे गार होऊ द्यायची.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा बिनआवाजाचा एअर कॉम्प्रेसरही होतो, पण गॅस मेकॅनिककडून काढून घ्या, बऱ्याच नवीन फ्रिजमधे आर६०० ए नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेतो.

दोन गोष्टी मात्र पोरांना हात जोडून सांगतो. मिक्सरच्या मोटरवर ग्राइंडिंगचं चाक लावू नका, चाकावर कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) छापलेला असतो आणि मिक्सर त्याच्या कितीतरी वर पळतो, चाक फुटलं तर तुकडे तोंडावर. आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायचे व्हिडिओ बघून ते करायला जाऊ नका, त्यात २००० व्होल्टच्या आसपास असतात, अमेरिकेत यात माणसं गेलेली आहेत. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो.

शिकवणारं कुणी असेल तर हे धोके टळतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मधे विज्ञान आश्रम सुरू केला तो हातानं काम करत शिकायचं याच विचारानं. आयटीआय आणि शाळांना प्रॅक्टिकलला नव्या मोटरी परवडत नाहीत आणि इथं चालू मोटरी फुटतायत, हे कुठंतरी जुळवायला नको का?

महापालिकांना एवढीच विनंती, कलेक्शन सेंटरवर एक रॅक वेगळा ठेवा, मोटर हातानं फिरवून बघा, मोकळी फिरत असेल तर वेगळी काढून जवळच्या आयटीआयला कळवा. आणि काढणाऱ्याला सांगा, वायरी बुडापासून कापू नका, वीतभर ठेवा, कपॅसिटर मोटरलाच बांधून द्या.

- एक वाचक, कोल्हापूर