पाना माझ्याच हातात ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, ब्लेडचा ताण सैल करून ठेवलास ना?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. घरच्या वर्कशॉपमध्ये मोठा बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखं ब्लेड फिरवणारी करवत, आणायचा ज्यांच्या मनात आहे त्यांच्या हे उपयोगी पडेल, आणि तुम्ही नेमकं काय काय केलंत ते एकदा तरी नीट लिहिलेलं राहील.

पहिले आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. मी मॉडेलांची नावं, मोटरचे हॉर्सपॉवर, चाकांचे व्यास असं सगळं कागदावर उतरवून तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही तो कागद बाजूला सारलात आणि विचारलंत, "तुला चिरायचं काय आहे?" मी म्हटलं, रुंद फळ्या उभ्या धरून पातळ करायच्या आहेत, छोट्या ओंडक्यांच्या फळ्या पाडायच्या आहेत आणि खुर्च्यांचे वळणदार पाय कापायचे आहेत. मशीन ठरलं ते या तीन कामांवरून. वळणांना १४ इंची चाकाचं मशीनही पुरलं असतं. पण दहा इंच रुंद फळी उभी करून चिरायची म्हणजे ब्लेड रुंद हवं, ते सरळ राहायला ताण जास्त हवा आणि तो ताण झेलताना वाकणार नाही अशी चौकट हवी. शिवाय चाक जितकं मोठं तितकं ब्लेड त्यावरून जाताना कमी वाकतं, म्हणून त्याला तडे उशिरा जातात. हे सगळं तुम्ही जुन्या तुटलेल्या ब्लेडचा तुकडा हातात धरून, बोटांनी वाकवून दाखवलंत. दोन दात्यांमधल्या खळग्याच्या तळाशी केसासारखी बारीक चीर होती. "तुटायची सुरुवात इथून होते," म्हणालात. १८ इंची चाक, वेल्डिंग केलेली पोलादी चौकट आणि तीन हॉर्सपॉवरची मोटर हे त्या दुपारीच पक्कं झालं. २४ इंचीचाही विचार चालला होता, त्यावर तुमचं उत्तर एवढंच होतं की ते मशीन कारखान्याचं, घराच्या छताखाली त्याला अवघडून उभं राहावं लागेल.

घरात पहिलं मोठं मशीन टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत, असावं असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे शब्दांत मांडायला तुम्हीच शिकवलंत. बँडसॉचं ब्लेड सतत खाली जातं, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबलं जातं. टेबल सॉसारखं ते उलटून अंगावर फेकलं जात नाही. कापाची रुंदी हा दुसरा मुद्दा. टेबल सॉचं पातं साधारण तीन मिलिमीटर लाकूड खातं, आमचं हे ब्लेड सव्वा मिलिमीटरच्या आसपास. ५० मिलिमीटर जाडीच्या फळीतून ६ मिलिमीटरच्या पट्ट्या पाडल्या तर कागदावरच्या हिशेबाने टेबल सॉवर ५ निघतात आणि बँडसॉवर ७. रंध्यासाठी थोडं सोडावं लागतं हे खरं, तरी चांगल्या लाकडाच्या बाबतीत एवढा फरक मनाला लागतोच. अर्थात बोटं बँडसॉलाही कळत नाहीत. गोल दांडा नुसता हाताने धरून कापायला गेलं तर ब्लेड त्याला गरकन फिरवतं, हात आत खेचला जातो. तुम्ही मला पहिल्याच दिवशी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेचा ठोकळा बनवायला लावलात तो त्यासाठीच.

विजेचं थोडक्यात सांगतो. असली मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. घरातल्या पंख्या-दिव्यांच्या लाइनवर ती जोडली तर एमसीबी पडत राहणार. तुमच्या सांगण्यावरून इलेक्ट्रिशियनकडून जाड तारेची स्वतंत्र लाइन ओढून घेतली, मशीन येण्याच्या आधी. "आधी" हा शब्द तुम्ही दोनदा म्हणाला होतात.

आता मशीन आत नेलं तो दिवस. दोनशे किलोच्या घरातलं वजन, आणि त्यातलं बरंचसं वर, म्हणजे जरा तिरकं झालं की कलंडायला बसलेलं. तुम्ही दार मोजलंत, पॅलेटसकट पेटी मोजली, वळणाची जागा मोजली. ओतीव लोखंडाचं टेबल आधी उतरवायला लावलंत. उचलताना चाकाला, फेन्सला (लाकूड टेकवून सरळ चिरायच्या पट्टीला) किंवा गाइडच्या (ब्लेडला सावरून धरणाऱ्या भागाच्या) दांड्याला कोणी हात लावायचा नाही, धरायचं ते फक्त चौकटीला. पाइपच्या तुकड्यांवरून मशीन सरकत होतं, मागचा पाइप सुटला की पळत जाऊन पुढे ठेवायचा, मध्येमध्ये पहार. सगळे जण जोशात होते. तेव्हा तुम्ही सगळ्यांना थांबवून एक गोष्ट सांगितलीत, "हे पडायला लागलं तर धरायला कोणी जायचं नाही. बाजूला व्हायचं. मशीन दुरुस्त होतं." ते पडलं नाही. पण त्या वाक्यानंतर प्रत्येक जण कुठे उभा राहायचं ते पाहून उभा राहिला. ताई, त्या दिवशी कोणाचं बोटही चेंगरलं नाही, याचं श्रेय मी तुम्हाला देतो.

खरं तर इतकी मदत करून तुम्ही निघून गेला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण मशीन उभं राहिलं, टेबलावरचा गंज रोखणारा चिकट थर रॉकेलने पुसून झाला, आणि तुम्ही स्टुलावर बसलात, पाना माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता लाव." तुम्हाला ते सगळं डोळे मिटून, माझ्यापेक्षा कितीतरी लवकर करता आलं असतं. तुम्ही बोटसुद्धा लावलं नाहीत. मला सर्वात जास्त आभार मानायचे आहेत ते याचे.

आधी चाकं. लांब सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडांना टेकवून ती एका पातळीत आहेत का ते पाहायचं. मग ब्लेड चढवायचं, थोडा ताण द्यायचा आणि वरचं चाक हाताने फिरवत, मागचा नॉब जरा जरा वळवत ब्लेड कुठे बसतं ते बघायचं. मी ब्लेड रबरी टायरच्या मधोमध आणलं. तुम्ही म्हणालात, ब्लेडचा मध्य बघू नकोस, दात्यांच्या खळग्यांचा तळ बघ, तो चाकाच्या मध्यावर आण. आणला. नंतर फेन्सला टेकवून चिरताना लाकूड एका बाजूला ओढलं जात नाही, सरळ जातं, त्याचं कारण हे. फेन्स तिरकी करून हा दोष झाकता येतो, पण ब्लेड बदललं की पुन्हा तीच कसरत. टेबलाचे बोल्ट सैल करून त्यातली खाच ब्लेडला समांतर करणं हेही तुम्ही करवून घेतलंत, आणि बोल्ट आवळताना टेबल पुन्हा हलतं, हे मला स्वतःला दिसेपर्यंत तुम्ही गप्प राहिलात.

मग गाइड. वरचे दोन, खालचे दोन, आणि ब्लेडच्या पाठीमागचं बेअरिंग. बाजूच्या गाइडमध्ये आणि ब्लेडमध्ये कागदाएवढी फट, आणि गाइडची पुढची कड खळग्यांच्या जरा मागे, नाहीतर दाते गाइडवर घासून त्यांची धार एका मिनिटात जाते. पाठीमागचं बेअरिंग मोकळं असताना फिरता कामा नये, लाकूड रेटलं की मगच फिरायला हवं. हे वाक्य मी मशीनच्या दारावर आतून लिहून ठेवलंय.

टेबल काटकोनात आहे का हे गुण्याने पाहिलं, बरोबर वाटलं. तुम्ही म्हणालात, गुण्यावर थांबू नको. एका सरळ ठोकळ्याला समोरून छोटा काप घेतला, मशीन बंद करून ठोकळा वळसा देऊन ब्लेडच्या मागे आणला आणि तोच काप ब्लेडच्या पाठीवर चढवून पाहिला. अडकला. टेबल किंचित झुकलेलं असलं की या पद्धतीत चूक दुप्पट होऊन दिसते. टेबलाखालचा टेकूचा स्क्रू अगदी थोडा फिरवला, पुन्हा काप, पुन्हा तपासणी, मग ब्लेड अलगद आत सरकलं. इतकी साधी आणि इतकी कडक चाचणी मी आजवर पाहिली नव्हती. शेवटी तुम्ही टेबलावर एक नाणं उभं करायला लावलंत आणि मोटर चालू करायला सांगितलंत. नाणं उभंच राहिलं.

पहिला काप मला कायम लक्षात राहणार आहे. एक इंचाला तीन दाते असलेलं ब्लेड, नऊ इंच रुंद सागाची फळी, वरचं गाइड लाकडाच्या जेमतेम वर आणून ठेवलेलं. "ढकलू नको, भुसा बाहेर पडू दे," एवढंच तुम्ही म्हणालात. जाड लाकडात खळगे भुश्याने भरतात, रिकामे व्हायला वेळ मिळाला नाही तर ब्लेड फुगीर काप काढतं, म्हणून तर कमी दात्यांचं ब्लेड. मी आवाज ऐकत राहिलो. आवाज खाली गेला की हात सैल, वर आला की पुन्हा पुढे. फळी दुभंगली, मी दोन्ही अर्ध्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवल्या आणि मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सारखाच पोत पसरत गेला. जाडी दोन्ही टोकांना एकच. तुम्ही कॅलिपर खिशात घालून "छान" म्हणालात. तुमच्या तोंडून हा शब्द सहज येत नाही, हे तुम्हाला ओळखणारे सगळे सांगतील.

मशीन चालताना टक् टक् आवाज येत होता, ठरावीक अंतराने. मला काळजी वाटली. तुम्ही ब्लेडचा जोड दाखवलात, वेल्डिंगची जागा नीट घासलेली नव्हती, ती गाइडमधून जाताना आवाज करत होती. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की बँडसॉची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी मांडली, पण जोड टिकेना म्हणून ती वर्षानुवर्षं पडून राहिली, आणि १८४६ मध्ये फ्रान्समध्ये ॲन पॉलिन क्रेपँ या बाईंनी ब्लेडची टोकं जोडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं तेव्हा कुठे हे यंत्र कामाला येऊ लागलं. हे सांगताना तुमच्या आवाजात जो अभिमान होता तो मला फार आवडला. जोड बारीक कानशीने मागून आणि बाजूंनी सपाट केल्यावर टक् टक् थांबली.

धुळीबद्दल तुम्ही कडक होतात, आणि ते योग्यच होतं. मला आधी मशीन, मग जमेल तेव्हा डस्ट कलेक्टर असं करायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली आहे, हे तुम्ही एवढ्या शांतपणे सांगितलंत की वाद घालायला जागाच उरली नाही. टेबलाखाली आणि खालच्या चाकाजवळ अशा दोन्ही तोंडांना आता नळ्या आहेत, आणि मास्क खिळ्याला टांगलेला असतो, मशीनच्या बटणाशेजारी.

त्यानंतर मी पाव इंची ब्लेड लावून खुर्चीचे पाय कापले, पुन्हा रुंद ब्लेड चढवलं, सगळं नव्याने जुळवलं, आणि एकदाही तुम्हाला फोन करावा लागला नाही. लांब ब्लेडची तीन वेटोळ्यांत घडी घालायचंही जमतंय. परवा शेजारचा एक मुलगा हे सगळं बघत उभा होता. त्याला चाक हाताने फिरवायला दिलं आणि ब्लेड पुढे येतंय की मागे जातंय ते बघून सांगायला लावलं. त्याने बरोबर सांगितलं.

तुमच्या मोठ्या मशीनच्या वरच्या चाकाचा टायर बदलायचा राहिलाय असं तुम्ही मागे म्हणाला होतात. ते चाक उतरवायला दोन माणसं लागतातच. येत्या रविवारी सकाळी मी येतो. नवा टायर मागवून ठेवा, जुना डिंक खरवडायचं काम माझ्याकडे.

तुमचा कृतज्ञ,
धाकटा भाऊ