आलिशान कचेरी छायाचित्रापुरती नसावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या आलिशान होम ऑफिसच्या सजावटीवर आलेला मजकूर वाचला. छायाचित्रे देखणी होती आणि मांडणीही नेटकी होती, हे आधीच सांगते. मी गेली बावीस वर्षे पुण्यात अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करते. असा मजकूर छापून आला की सोमवारी सकाळी माझ्या फोनवर त्याच पानाचा फोटो येतो आणि खाली 'हे असंच हवं' एवढाच निरोप असतो. त्या पानावरच्या एकाही छायाचित्रात वायर दिसत नाही, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही आणि एकाही खुर्चीवर माणूस बसलेला नाही. ज्या खोलीत रोज आठ-आठ तास बसायचे आहे, तिच्याबद्दल वाचकाला याच तीन गोष्टी आधी कळायला हव्यात, असे माझे म्हणणे आहे.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका सल्लागार गृहस्थांसाठी मी अशीच कचेरी केली. त्यांना वास्तुशास्त्राप्रमाणे पूर्वेकडे तोंड करून बसायचे होते आणि खोलीला मोठी खिडकी होती ती पश्चिमेला, म्हणजे नेमकी त्यांच्या पाठीशी. मी हो म्हटले, कारण पुस्तकांची भिंत समोर, खिडकी मागे आणि मधोमध टेबल अशी रचना फोटोत फारच उठून दिसत होती. टेबलाचा माथा काळ्या, सोनेरी शिरांच्या आयात केलेल्या संगमरवराचा होता. साडेसहा फूट बाय तीन फुटांची ती एकटी फरशी ऐंशी किलोंच्या वर होती. वायरी दिसू नयेत म्हणून त्या जमिनीच्या फरशीखालून टेबलाच्या पायात आणल्या. छताला पिवळ्या उजेडाची पट्टी आणि टेबलाच्या बरोबर वर चार दिवे लावले. गृहप्रवेशाला आलेल्या प्रत्येकाने त्या खोलीत फोटो काढून घेतला.

सहा-सात महिन्यांनी ड्रॉवरचे एक चॅनेल अडकते म्हणून मी मिस्त्रींना घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते गृहस्थ जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते आणि कचेरीत कपडे वाळत घालायचा स्टँड उभा होता. मी काही विचारण्याआधीच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ती खोली दाखवायची आहे हो मॅडम, बसायची नाही." कारणे त्यांनी एकेक करून सांगितली आणि त्यातले एकही मला खोडून काढता आले नाही. त्यांच्या बैठका युरोपातल्या लोकांशी, म्हणजे आपल्याकडे दुपारी तीननंतर होत असत. त्या वेळी पश्चिमेचे ऊन पाठीमागून थेट लॅपटॉपच्या पडद्यावर पडे, त्यामुळे समोरचे अक्षर दिसत नसे, आणि कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा काळा नि भोवती उजेडाचे वलय दिसे. खिडकीचे पडदे ओढले की डोक्यावरचे दिवे चकचकीत काळ्या फरशीतून पुन्हा डोळ्यांवर येत. डिसेंबरात त्या दगडावर मनगट टेकवले की गार पडे. आणि टेबल फिरवावे म्हटले तर फिरवता येत नव्हते, कारण वायरी त्याच्या पायातून वर आलेल्या होत्या. ज्या सफाईबद्दल मला शाबासकी मिळाली होती, तिनेच त्यांचे हातपाय बांधून ठेवले होते.

मग आम्ही जमीन फोडली. त्यांना उत्तरेकडे तोंड करून बसवले. उत्तर दिशाही वास्तुशास्त्राला चालते, त्यामुळे त्यांचा काही आक्षेप नव्हता, आणि पश्चिमेची खिडकी आपोआप डाव्या हाताला आली. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, हे आपल्याला शाळेत मास्तरांनी सांगितलेले असते. पुढे आपण ते विसरतो एवढेच. खिडकीला दुहेरी पडदा केला. आतला झिरझिरीत पडदा दुपारचे ऊन गाळून घेतो आणि बाहेरचा जाड पडदा मार्च ते मे या महिन्यांत ओढायचा. ज्यांना खोली निवडण्याची मुभा आहे त्यांनी उत्तरेची खिडकी असलेली खोली घ्यावी. उन्हाळ्यातले सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन सोडले तर तिथला उजेड दिवसभर सारखा आणि मऊ असतो. चित्रकार आपला स्टुडिओ उत्तरेच्या उजेडावर बांधतात तो काही उगाच नाही.

दिव्यांबद्दल आपल्या पुरवणीत फक्त 'वॉर्म लाइट' एवढा शब्द होता. तीन हजार केल्विनचा पिवळसर उजेड दिवाणखान्यात छान वाटतो, पण आकड्यांचे किंवा वाचनाचे काम करणाऱ्याला दिवसा चार हजार केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड बरा पडतो, आणि टेबलाच्या पृष्ठावर ३०० ते ५०० लक्स एवढा प्रकाश हवा. हा प्रकाश डोक्याच्या बरोबर वरून आला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. म्हणून छतातले दिवे टेबलाच्या पुढच्या कडेच्या थोडे पलीकडे घ्यावेत आणि हाताशी मान वळणारा एक दिवा ठेवावा. पिवळी पट्टी संध्याकाळसाठी वेगळ्या बटणावर ठेवली की दोन्ही साधते. यात खर्च फारसा वाढत नाही. फक्त विजेचे काम सुरू होण्याआधी, भिंत फोडण्याआधी, टेबल कुठे येणार ते कागदावर पक्के ठरलेले असावे लागते. आणि नेमके तेच आपल्याकडे सर्वांत शेवटी ठरते.

टेबलाच्या उंचीचीही तीच गत आहे. आपले सुतार सवयीने प्रत्येक टेबल तीस इंचांचे करतात. पाच फूट आठ इंच उंचीच्या पुरुषाला ते चालून जाते, पण पाच फूट दोन इंचांच्या बाईला त्या टेबलावर टंकलेखन करताना खांदे दिवसभर उचलून धरावे लागतात. खुर्ची वर घेतली तर पाय अधांतरी राहतात. घरातली कचेरी आता स्त्रियाही तितक्याच वापरतात, तरी मोजमाप पुरुषाचेच घेतले जाते. माझ्या एका ग्राहक बाईंसाठी मिस्त्रींनी टेबलाच्याच लाकडाचा, पुढून थोडा उतरता असा पाट पायाखाली करून दिला. पाटाला लागले टेबलातून उरलेले तुकडे, आणि त्या बाई सांगतात की लाखभराच्या फर्निचरमध्ये सर्वांत सुखाची वस्तू तीच आहे. टेबलाची पुढून मागेपर्यंतची रुंदी मात्र तीस इंच असावीच. चोवीस इंचांच्या टेबलावर मोठा स्क्रीन ठेवला की तो नाकाशी येतो.

खुर्चीविषयी थोडक्यात लिहिते. फोटोत उंच पाठीची, तपकिरी चामड्याची दिसणारी खुर्ची बहुतेक वेळा चामड्याची नसते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तिचे पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटू लागतात. जाळीच्या पाठीची, हात वर-खाली होणारी खुर्ची तेवढी राजेशाही दिसत नाही हे खरे. तरी सजावटीच्या एकूण रकमेतला मोठा वाटा मी खुर्चीवरच खर्च करायला सांगते आणि त्यावरून ग्राहकांशी वाद घालते.

आवाजाचा उल्लेख तर त्या लेखात कुठेच नव्हता. जमिनीला संगमरवर, एका बाजूला काचेचे पार्टिशन आणि वर जिप्समचे छत असलेली खोली घुमते, आणि पलीकडच्या माणसाला आपण विहिरीतून बोलतो आहोत असे वाटते. काचेच्या सरकत्या दारातून उजेड येतो तसाच कुकरच्या प्रत्येक शिट्टीचा आवाजही येतो. भरीव लाकडाचे, चौकटीत घट्ट बसणारे साधे दार, त्याच्या खालची अर्ध्या इंचाची फट बंद करणारी रबरी पट्टी, जमिनीवर एक जाडसर गालिचा आणि पुस्तकांनी खरोखर भरलेले कपाट एवढ्यावर बरेच काम भागते. 'खरोखर भरलेले' असे मुद्दाम लिहिले, कारण हल्ली कपाटात रंग जुळवून रिकामे खोके ठेवायची पद्धत आली आहे.

ऐश्वर्य दाखवायचेच असेल तर ते लाकडात दाखवावे, या मताची मी आहे. अमेरिकी अक्रोडाचे व्हिनिअर लावलेले टेबल सुंदर दिसते, पण त्याचा दर्शनी लाकडाचा थर कागदापेक्षा फार जाड नसतो. कोपऱ्याला एकदा टवका उडाला की खालचे प्लाय दिसते. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाचे नाव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि पुण्यात तर जुने वाडे पाडले जात असताना त्यांच्या तुळया आणि खांब विकायला येतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात हिंडून मी आणि मिस्त्रींनी अशी एक तुळई निवडली होती. बाहेरून ती धुराने काळी पडलेली होती, वाळवीचा मागमूस नव्हता. कापायला घेतली तेव्हा आत हातघडाईचे सात खिळे निघाले. त्यातल्या एकाने करवतीचे पाते घालवले आणि मशीनवाल्याने त्याचे पैसे वेगळे लावले. पण रंध्याखालून पहिला छिलका निघाला आणि आतला मधासारखा रंग दिसला, तेव्हा सगळे हात थांबवून बघत राहिले. असे लाकूड कित्येक दशके मुरलेले असते, त्यामुळे पावसाळ्यात फारसे फुगत नाही की वाकत नाही. त्यावर चपडी लाखेचे फ्रेंच पॉलिश खुलून दिसते, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरे वळे उमटते. म्हणून टेबलाच्या माथ्याला मंद चमकेचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आणि बाकी अंगाला लाखेचे, असे मी करून घेते. पॉलिशचे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नये, ओल धरून पृष्ठभाग पांढुरका पडतो. दिवाळीची घाई असलेल्या ग्राहकाला हे पटवणे फार कठीण जाते.

भिंतीवर सोनेरी लॅमिनेटचे पट्टे मारण्यापेक्षा सावंतवाडीच्या लाखकामाची एखादी वस्तू किंवा छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडाचा एक तुकडा कॅमेऱ्यामागच्या किंवा पाठीमागच्या भिंतीवर असावा, आणि तो एकच असावा. पैठणीची चौकट आता इतक्या कचेऱ्यांत पाहिली आहे की तिच्याबद्दल न बोललेले बरे.

आणखी एक. घरातली कचेरी आपल्याला २०२० च्या टाळेबंदीने शिकवली, असा सूर त्या लेखात होता. पण त्याच्या कितीतरी आधीपासून वकिलांच्या घरी रस्त्याकडची खोली पक्षकारांची आणि आतली घरच्यांची, ही वाटणी आपल्या गावागावांत होती. बसायला गादी-तक्क्या आणि पुढ्यात उतरत्या माथ्याचे छोटे डेस्क हा पेढीवरच्या मुनिमाचा थाट होता, आणि त्याचा माथा उतरता का केला होता हे मानेला चांगले कळत असे. दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात 'राजगृह' बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून. आधी कामाची गरज ओळखून मग तिच्याभोवती घर उभे करणे याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. आपण मात्र आज बिल्डरने नकाशात 'स्टडी' म्हणून दाखवलेल्या सात फूट बाय सहा फुटांच्या, कधी कधी खिडकीही नसलेल्या कोपऱ्यात इटलीचा दगड बसवतो आणि त्याला आलिशान म्हणतो.

आपल्याला विनंती एवढीच की, पुढच्या वेळी असा मजकूर छापताना छायाचित्राशेजारी खोलीचा साधा नकाशा द्यावा. त्यात खिडकीची दिशा, टेबलाची उंची, दारापासूनचे अंतर आणि विजेचे पॉइंट दाखवावेत. शक्य असेल तर त्या घरात राहणाऱ्या माणसाला वर्षभरानंतर विचारून, तो रोज तिथेच बसतो का, हेही दोन ओळींत छापावे. जागा कमी पडत असेल तर एखादे छायाचित्र गाळले तरी वाचकांची काही तक्रार असणार नाही.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या कचेरीत आता काळ्या दगडाऐवजी सागवानाचे टेबल आहे आणि कपड्यांचा स्टँड बाल्कनीत गेला आहे. त्यांची परवानगी मी घेतलेली आहे. आपल्याला हवे असल्यास तिथले छायाचित्र जरूर पाठवीन, मात्र ते दुपारी चार वाजता, ते कामाला बसलेले असताना आणि टेबलावरच्या वायरी न हटवता काढलेले असेल.

आपली विश्वासू,
एक अंतर्गत सजावटकार
एरंडवणे, पुणे