बॉल आत, बाँड्स बाहेर

संपादक साहेब, नमस्कार.

जावई बेसबॉलवेडा, त्याच्यामुळे गेल्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला जाऊन हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांना मान देणारं म्युझियम, बघून आलो आणि तेव्हापासून आमच्या घरी जेवताना तिथे कोणाला घ्यायचं नि कोणाला नाही हाच वाद चालू आहे. बॅरी बाँड्सने ज्या ७५६व्या होमरनला (आपल्या क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) जुना खेळाडू हँक आरनचा रेकॉर्ड मोडला तो बॉल या म्युझियमकडे आहे, त्यावर मुद्दाम चांदणीची खूण (*) कोरलेली, म्हणजे रेकॉर्ड झाला पण स्टेरॉइडचा संशय आहे बरं का! बॉल चालतो, मारणारा चालत नाही. ७६२ होमरन, सात वेळा एमव्हीपी (लीगमधला सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), तरी २०२२ला पत्रकारांच्या मतदानात शेवटच्या चान्सला ६६ टक्के मिळाले, लागतात ७५. पिचर (बॉल टाकणारा) रॉजर क्लेमेन्सचं पण सेम, तोच संशय, सर्वोत्तम पिचरचे सात साय यंग अवॉर्ड घेऊन बाहेरच. आणि हे सगळं स्टेरॉइडचं चालू असताना जे बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, होते ते बड सेलिग २०१७ला मानाने आत गेले, हे कुठलं लॉजिक?

जुना खेळाडू पीट रोझबद्दल मात्र माझं जावयाशी पटत नाही. ४२५६ हिट्स (बॉल मारून बेस गाठणं) मान्य, पण स्वतः टीमचा मॅनेजर, म्हणजे कोच, असताना स्वतःच्याच टीमच्या मॅचवर पैसे लावायचे म्हणजे कहरच की हो. १९८९ला बंदी आली, २०२४ला बिचारा गेला आणि २०२५ला बंदी उठवली. आता हॉलमध्ये त्याच्या नावाची प्लेट लावली तरी बघायला तो कुठे आहे, असं जावई म्हणतो, त्यावर मी गप्प बसलो.

– एक वाचक, न्यू जर्सी