घरी येऊन आमच्या प्राण्यांची निगा राखणाऱ्यांचे आभार

आमच्या 15 वर्षांच्या मांजरीची मूत्रपिंडे निकामी होत चाललेली असताना आणि कुत्र्याला संधिवातामुळे जिना उतरणेही अशक्य झालेले असताना, जे पशुवैद्य, त्यांच्या साहाय्यक ताई आणि केस-नखांची निगा राखणारे गृहस्थ सातत्याने आमच्या घरी येत राहिले, त्या तिघांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. भेदरलेल्या मांजरीच्या रक्तातील साखर केवळ ताणामुळेही वाढलेली दिसू शकते, हे पशुवैद्यांनी समजावून सांगितले होते. म्हणूनच ते आल्यावर आधी जमिनीवर नुसते बसून राहत आणि मांजर आपणहून जवळ आल्यानंतरच तपासणीस आरंभ करीत. (घाई असे ती आम्हालाच.) खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून त्वचेखाली सलाईन कसे द्यावे, हे ताईंनी माझा थरथरता हात धरून शिकवले.

कुत्र्याच्या पोटाखालचे केसांचे गुंते मी कात्रीने कापायला निघालो होतो. गुंत्याबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि नकळत कापली जाते, असे सांगून त्या गृहस्थांनी मला वेळीच थांबवले आणि त्याला कुशीवर निजवूनच यंत्राने ते केस हळूहळू उतरवले. काळ्या नखांतील रक्तवाहिनी बाहेरून दिसत नसल्यामुळे ते दर वेळी अगदी बारीक काप घेत. एकदाही रक्त आले नाही.

मांजर गेल्या महिन्यात तिच्या नेहमीच्या उशीवरच गेली. त्या रात्री पशुवैद्य बराच वेळ आमच्याजवळ थांबले, त्याबद्दलही मी ऋणी आहे.